सात जनुकांत भागवणारा विषाणू

संपादक महोदय,

विषाणूंवरच्या लेखांत ‘एक जनुक, एक प्रथिन, एक काम’ हे सूत्र अजूनही डोकावते. इबोलाने ते केव्हाच मोडीत काढले आहे. त्याच्याकडे जनुके अवघी 7. माणसाकडे सुमारे 20,000. मग भागते कसे? त्याचे व्हीपी40 हे प्रथिन चक्क रूप पालटते. जोडीजोडीने ते पेशीच्या आवरणाकडे जाते आणि तिथे एकमेकांत गुंफून नव्या विषाणूचे आतले अस्तर बनवते. तेच आठ-आठांचे कडे करून आरएनए या जनुकीय माहिती वाहणाऱ्या रेणूला धरते, तेव्हा विषाणूच्या जनुकांच्या नकला किती निघाव्यात यावर लगाम ठेवते. बहुरूपीच म्हणा ना! प्रथिने घडवणारी रायबोसोमसारखी यंत्रणा तर यजमान पेशीचीच, फुकटात. जनुकांच्या संख्येवरून विषाणूला ‘साधा’ म्हणणे लेखकांनी थांबवावे.

– एक वाचक