विहिरीचे पाणी आणि भूकंपाच्या वावड्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भूकंप झाला की दोन बातम्या हमखास येतात. एका विहिरीला अचानक पाणी चढले आणि दुसरी आटली. मग कोणी त्याला चमत्कार म्हणते, कोणी पुढच्या धक्क्याची सूचना.

जमिनीखाली पाण्याचा तलाव असतो, हे डोक्यातले चित्र आधी पुसायला हवे. पाणी असते खडकाच्या भेगांत आणि वाळूच्या कणांमधल्या फटींत. भूकंपलहरी जाताना हा खडक किंचित दाबला जातो, पुन्हा सैलावतो. दोन घट्ट थरांत कोंडलेल्या पाण्याला पळायला वाट नसते, ते विहिरीत वरखाली होते. २००२ मध्ये अलास्कात ७.९ परिमाणाचा भूकंप झाला तेव्हा हजारावर मैल दूर विस्कॉन्सिनमधल्या एका विहिरीचे पाणी दोन फूट चढले होते!

लांबच्या विहिरी बहुधा लवकर पूर्ववत होतात. केंद्राजवळचा बदल मात्र टिकू शकतो. २५ सप्टेंबर १९९८ रोजी पेनसिल्व्हेनियात जेमतेम ५.२ परिमाणाचा धक्का बसला. पुढच्या तीन महिन्यांत उंचवट्यावरच्या सुमारे १२० घरगुती विहिरी कोरड्या पडल्या, आणि खालच्या दरीतल्या विहिरींची पातळी वाढली. धक्क्याने खडकातल्या भेगा मोकळ्या झाल्या आणि वरचे पाणी खाली उतरले. म्हणजे एकाचा शाप आणि दुसऱ्याचा चमत्कार, दोन्ही एकाच पाण्याचे. पाणी गढूळ होते तेही भेगांतला गाळ सुटल्यामुळे. ते तपासल्याखेरीज पिऊ नये, इतकेच.

राहिले भाकीत. चीनमध्ये १९७५ च्या हायचेंग भूकंपाआधी विहिरींतले बदल टिपले गेले होते, पण लोकांना घराबाहेर काढण्यामागे पूर्वधक्क्यांचा वाटा मोठा होता. पुढच्याच वर्षी तांगशान कोणत्याही इशाऱ्याविना उद्ध्वस्त झाले. पातळी तर पावसाने, उपशाने, हवेच्या दाबानेही हलते. काही खोल विहिरींत चंद्र-सूर्याच्या ओढीनेसुद्धा. त्यातून भूकंपाची खूण वेगळी काढायची कशी?

म्हणून विनंती अशी, की ‘पाणी वाढले’ एवढ्यावर बातमी संपवू नये. विहीर किती खोल, आधीची पातळी कोणी आणि कधी मोजली होती, त्या आठवड्यात पाऊस किंवा उपसा किती झाला, हेही विचारून छापावे. आधीची मोजणीच नसेल, तर तेही स्पष्ट लिहावे.

आपला,
एक नियमित वाचक