नागझिरा विजेविनाच बरा

‘जंगलातली गैरसोय’ हा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. वनविश्रामगृहांत वातानुकूलन, दूरचित्रवाणी आणि रात्रभर वीज हवी, ही त्यातील मागणी पटत नाही. नागझिऱ्याच्या आतल्या विश्रामगृहांची ओळखच मुळी विजेविना राहण्याची आहे. नागझिरा १९७० पासून अभयारण्य, शेजारचे नवेगाव १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान आणि २०१३ पासून दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. अंधार पडल्यावर अस्वल, बिबट, सायाळ बाहेर पडतात. त्याच वेळी जनरेटर धडधडू लागला आणि आवारात दिवे लखलखले, तर ही जनावरे तलावाकडे फिरकतील का? मे महिन्यात विदर्भात जिवाची काहिली होते हे मान्य. पण पाणवठ्यावर प्राणी दिसतात म्हणून पर्यटक येतात तेही त्याच महिन्यात! ज्यांना गारवाच हवा त्यांच्यासाठी साकोली, गोंदियात हॉटेले आहेत.

लेखातील अस्वच्छ शौचालयांची तक्रार मात्र रास्त आहे. स्वच्छ न्हाणीघर, धड मच्छरदाणी, पिण्याचे चांगले पाणी आणि गावातल्या बायांच्या हातचे गरम जेवण एवढे वन विभागाने जरूर द्यावे. खर्च करायचाच तर तिथे करावा.

– एक वाचक, साकोली (जि. भंडारा)