काका, ही एमजी उभी आहे ती तुमच्यामुळे

तीर्थस्वरूप काकांना साष्टांग नमस्कार,

तोंडावर आभार मानले की तुम्ही "अगं ऱ्हाऊ दे ते, चहा टाक" म्हणून विषय बदलता, म्हणून हे सरळ सगळ्यांसमोर लिहायचं ठरवलं. दुसरं म्हणजे इकडे इंग्लंडमध्ये आपल्यातले बरेच जण आता जुन्या गाड्यांच्या नादाला लागलेत, कुणाकडे मिजेट आहे, कुणाकडे ट्रायम्फ, आणि त्यांना जे कुणीतरी सांगायला हवं ते मला तुमच्याकडून घरबसल्या मिळालं. ते फक्त माझ्यापाशी ठेवणं काही बरोबर नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गाडी म्हणजे 1969 ची एमजीबी रोडस्टर, उघड्या टपाची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. ऑक्सफर्डजवळ अ‍ॅबिंग्डनला एमजीचा कारखाना होता, तिथे 1962 पासून 1980 पर्यंत या गाड्या बनल्या, सगळ्या मिळून 5 लाखांच्या वर, त्यामुळे आजही हिचा जवळजवळ प्रत्येक पार्ट नवा मिळतो. अगदी अख्खी बॉडीसुद्धा मिळते, ब्रिटिश मोटर हेरिटेजने 1988 पासून जुन्याच साच्यांवर ती परत काढायला सुरुवात केली. पण पार्ट मिळतात म्हणून गाडी होत नाही, ते बसवायचे कुठे नि कुठल्या क्रमाने हे सांगणारं माणूस लागतं, आणि मला ते आपल्या मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत भेटलं. मी कुणाशी तरी कार्ब्युरेटरबद्दल बोलत होते आणि मागून आवाज आला, "एसयू हाय का गं?" एसयू म्हणजे या गाड्यांच्या कार्ब्युरेटरची कंपनी. कॉव्हेंट्रीत मला मराठीत हे कुणी विचारेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

तुम्ही गाडी बघायला आलात तेव्हा तुमच्याकडे एकही पाना नव्हता. खिशात एक लोहचुंबक होतं, पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळलेलं, रंगाला चरा पडू नये म्हणून. ते तुम्ही गाडीच्या कडेकडेने फिरवत गेलात, दाराखाली, चाकांच्या कमानीपाशी, आणि जिथे जिथे ते धरत नव्हतं तिथे खडूने फुली मारलीत. गाडी दिसायला चकचकीत निळी होती, पण तुमचं होईपर्यंत तिचा खालचा भाग फुल्यांनी भरला. सगळीकडे पत्र्याच्या जागी लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. मग सिलपाशी, म्हणजे दाराखालच्या लांब पेटीपाशी, जॅक लावून हळूच उचललीत आणि मला दार उघडझाप करायला सांगितलंत. जॅकचा दाब आला तशा दाराच्या फटी हलल्या, दार नीट लागेना. विकणाऱ्याने सिल नवे आहेत म्हणून सांगितलं होतं, आणि खोटं नव्हतं ते, नवा पत्रा होताच, फक्त सडलेल्या जुन्यावर वरून चढवलेला, दोन चाकांच्या मध्ये जेवढा दिसतो तेवढाच.

मी क्रोमच्या बंपरची आणि नव्या कापडी हुडची यादी काढून बसले होते. तुम्ही ती वाचलीत, घडी घातलीत आणि परत दिलीत. "ह्ये सगळं चांगलंच हाय पोरी, पण आधी पत्रा, रंग मागनं." त्यानंतर कितीतरी रविवार आपण फक्त पत्र्याचं काम केलं, आणि मला आज वाटतं की जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने पहिला पैसा तिथेच घालावा, बाकी सगळं थांबू शकतं.

या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी, आणि रोडस्टरला डोक्यावर छप्पर नाही म्हणजे पुढचं नि मागचं धड एकत्र धरायचं काम बरंचसं दाराखालच्या सिलांवर येतं, घराला जोतं असतं तसं. सिल म्हणजे एक पत्रा नसतो हेही मला तुमच्याकडूनच कळलं. बाहेरचा सिल, आतला सिल, दोघांच्या मध्ये एक उभा पत्रा आणि खाली कॅसल रेल नावाची पट्टी, असे थर असतात, इकडच्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात ते पाणी आत शिरतं, माती साचून निघायच्या वाटा बुजतात आणि मग आतून बाहेर गंज चढत येतो, बाहेर दिसेपर्यंत आतलं गेलेलं असतं.

कापायच्या आधी तुम्ही अख्खा दिवस नुसतं मोजण्यात घालवलात, ते मला तेव्हा फार वाटलं होतं आणि आता अजिबात वाटत नाही. गाडी सपाट जागी, वजन चाकांवर असतं तसंच राहील अशा बेताने स्टँडवर घेतली, बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत आतल्या बाजूने लोखंडी चौकोनी पाइप बसवला, आतल्या बाजूने अशासाठी की दार जागेवर ठेवून फट बघता यावी, आणि मग फक्त एक बाजू उघडली. दोन्ही बाजू एकदम कापल्या तर गाडी मधोमध बसते आणि एकदा त्या वाकड्या अवस्थेत नवे सिल वेल्ड झाले की दारं कायमची गेली. बाहेरचा सिल पुढच्या विंगच्या (मडगार्डच्या) मागे आणि मागच्या विंगच्या आतपर्यंत जातो, म्हणून पुढची विंग बोल्ट काढून उतरवावी लागते आणि मागच्या विंगचा खालचा तुकडा कापावाच लागतो. नेमकं हेच टाळायला लोक ते अर्धे पत्रे चढवतात. विंगचे बोल्ट गंजून अडकलेले होते, एक तर असा जाम की तेल घालून, तापवून, परत तेल घालून रात्रभर ठेवला, तरी आपण तो मोडला नाही, तुम्ही पाना धरून पाव फेरा पुढे नि पाव फेरा मागे असं करत बसलात, आणि सुटला तेव्हा आटे शाबूत होते.

आणि मग वेल्डिंगची गन माझ्या हातात दिलीत. हे मला खास लिहायचंय. तुम्ही ते काम माझ्या निम्म्या वेळात आणि दुप्पट सुबक केलं असतंत. पण आधी टाकाऊ पत्र्यावर भोकं पाडून ती भरायला लावलीत, मग छन्नीने तो जोड उपटायला लावलात, पत्रा फाटला पण जोड सुटला नाही तेव्हाच गाडीपाशी जाऊ दिलंत. मी बाई आहे, मला जमेल का, हा प्रश्न तुमच्या तोंडातून कधी आला नाही, आणि माझ्याही मनात तो तुमच्यासमोर कधी आला नाही. शेवटी आत पोकळीत मेण मारलं, पाइप कुठपर्यंत घालायचा ते तुम्ही बोटांनी मापून दाखवलंत. आधाराचा तो चौकोनी पाइप काढून दार लावलं तेव्हा फट वरपासून खालपर्यंत सारखी होती आणि तुम्ही त्यातून नुसतं बोट फिरवलंत आणि मान हलवलीत, त्या मानेसाठी मी काय वाट्टेल ते केलं असतं.

आता इंजिन. बॉनेट पहिल्यांदा उघडलं तेव्हा तुम्ही वाकून बघितलंत आणि म्हणालात, "अगं ही तर आपली अँबॅसडर!" तुम्ही इकडे यायच्या आधी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या गॅरेजात सरकारी अँबॅसडर खोलत होतात हे मला तेव्हा कळलं. आणि खरंच तसंच आहे. अँबॅसडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड, तिचं 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या बी सिरीजचं, एमजीबीचं 1798 सीसीचं इंजिनही त्याच घरातलं, फक्त सिलिंडरचा बोअर (व्यास) वाढवलेलं आणि दोन कार्ब्युरेटर लावलेलं. एमजीबीच्या आधीची एमजीए सुरुवातीला 1489 सीसीचीच होती. लहानपणी नाशिकला कलेक्टर हपीसाबाहेर ज्या पांढऱ्या गाड्या उभ्या असायच्या त्यांचं आणि या स्पोर्ट्स कारचं काळीज एकाच जातीचं, हे कळल्यावर ही गाडी मला परकी वाटायची थांबली.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटी, सेट करताना तुम्ही नऊची बेरीज शिकवलीत. आठ व्हॉल्व्ह, ओळीने नंबर द्यायचे, इंजिन हाताने फिरवायचं, आठवा पूर्ण दाबला गेला की पहिल्याची फट बघायची, सहावा दाबला की तिसरा, पाचवा दाबला की चौथा, दोघांची बेरीज कायम नऊ. पंधरा थाऊची (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पट्टी, थंड इंजिनावर, सरकताना किंचित ओढ लागली पाहिजे, अडकायला नको नि सैल पडायला नको. मॅन्युअलमध्ये हे सगळं छापलेलं आहे, पण ती ओढ किती हे कागदावर येत नाही, तुम्ही माझं बोट पट्टीवर ठेवून स्वतः नट आवळलात तेव्हा ते कळलं.

आणि कार्ब्युरेटर! मी त्याच्यासाठी महागातलं मीटर घ्यायला निघाले होते, तुम्ही बागेतल्या पाइपाचा हातभर तुकडा कापलात, एक टोक कानाला आणि दुसरं आधी पुढच्या एसयूच्या तोंडाशी मग मागच्या. फुसफुस दोन्हीकडे सारखी येईस्तोवर स्क्रू फिरवायचा. मग खालची ती छोटी पिन जेमतेम मिलिमीटरभर वर ढकलायची, इंजिन पळायला लागलं आणि पळतच राहिलं तर पेट्रोल जास्त, बसायला लागलं तर कमी, क्षणभर किंचित चढून परत जागेवर आलं की झालं. आता मला गाडी चालवता चालवता ऐकू येतं की काहीतरी बिनसलंय. हा कान तुमचा आहे काका.

बाकीच्या गोष्टी भराभर लिहिते नाहीतर हे संपायचं नाही. वायरिंगला लोक उगाच घाबरतात, तपकिरी म्हणजे कायम करंट, पांढरी इग्निशनची, काळी अर्थ, एवढं पाठ झालं की निम्मं काम होतं, आणि निम्मे फॉल्ट गंजलेल्या अर्थचेच असतात. 2021 च्या सप्टेंबरपासून इकडच्या साध्या पेट्रोलमध्ये 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलं, जुने रबरी होज त्याने खराब होतात, म्हणून होज बदलून घेतले आणि टाकीत 5 टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं सुपर ई5 च भरते. शिशाचं पेट्रोल तर 2000 सालीच बंद झालं, म्हणून हेड मशीन शॉपला देऊन एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कडक धातूच्या बसवल्या. पुढची चाकं ज्यावर वळतात त्या किंगपिनला दर 3000 मैलांनी ग्रीस, तेही चाक जॅकवर घेऊनच. आणि 40 वर्षांपुढच्या गाडीला 2018 पासून एमओटी, म्हणजे इकडची वार्षिक तपासणी, सक्तीची नाही तरी दरवर्षी ती करायचीच, हा तुमचा हुकूम मी मोडणार नाही.

रंगाचं मात्र सांगायलाच हवं. गाडी निळी होती, पण हीटरचा डबा काढला तर खाली लाल निघाला. तुम्ही म्हणालात विचारू की, आणि आपण गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट मागवलं, कारखान्याच्या वह्यांमधून काढून देतात ते, त्यात मूळ रंग टार्टन रेड लिहिलेला. ती लाल झाली त्या दिवशी काकू बाहेर आल्या, हळदकुंकू घेऊनच, बॉनेटवर बोट टेकवलं, नारळ फोडला, आणि आम्हा दोघांना ग्रीसच्या हातांनी आत येऊ दिलं नाही. काकू, तुमचेही आभार, इतके रविवार तुमचं माणूस मी माझ्या गॅरेजात अडकवून ठेवलं आणि तुम्ही वरून थालीपिठं पाठवलीत.

पैशाचा विषय काढला की तुम्ही रागावता म्हणून काढत नाही. पण तुमच्या त्या सात सोळांश, अर्धा आणि नऊ सोळांशच्या इंची पान्यांचा डबा मी सांभाळून वापरीन, प्रत्येक वेळी पुसून ठेवीन, आणि मंडळातल्या ज्या दोन पोरांनी शिकायचं म्हटलंय त्यांना टॅपेट मी शिकवणार आहे, तुम्ही नुसतं खुर्चीत बसून बघा.

आता एक विनंती. क्लच घसरायला लागलाय. या गाडीत गिअरबॉक्स एकटी निघत नाही, इंजिनासकट बाहेर काढावी लागते, त्यामुळे क्रेन भाड्याने बघून ठेवलीये आणि क्लचचा सेट, ती कार्बनची बेअरिंग धरून, घरी येऊन पडलाय. दिवस तुम्ही सांगा, गुडघा कसा आहे ते बघून. वाकायची कामं सगळी माझी.

तुमची,
एमजीवाली पोर