नंदूच्या फाइलमधला भागाकार

दादर, मुंबई

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

आठ महिने तुझ्या पत्राला उत्तर दिले नाही, तेव्हा शिव्या खाण्याची तयारी ठेवूनच लिहायला बसलो आहे. प्रकृती ठीक म्हणायची; एक दाढ गेली, एवढेच. फोन केला नाही, कारण नंदूचे नाव निघाले की आपण दोघेही आवाज चढवतो, आणि या वेळी मला माझे म्हणणे पुरे करायचे आहे.

ऑफिसच्या तपासणीत गेली सात वर्षे माझ्या सोनोग्राफीवर ‘फॅटी लिव्हर, ग्रेड १’ असे छापून येते आणि ‘तेलकट कमी करा’ एवढे ऐकून मी तो कागद कपाटात टाकतो. यंदाच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र रिपोर्ट उलटा करून त्याच्या पाठीवर पेन्सिलीने गणित मांडले. वय गुणिले एसजीओटी (रक्तात मोजतात ते लिव्हरचे एक एन्झाइम) हे वर. हजारांत घेतलेल्या प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचे (तसेच दुसरे एन्झाइम) वर्गमूळ हे खाली. याला फिब-फोर म्हणतात. माझे वर ५४ गुणिले ५२, खाली १८० गुणिले ८, उत्तर १.९५. (वर्गमूळ आयुष्यात कुठे लागते, असे मास्तरांना विचारून पट्टी खाणारा तूच ना?)

१.३ च्या खाली असेल तर लिव्हरमध्ये मोठे व्रण, म्हणजे जखम भरल्यावर राहतात तसे कडक वण, असण्याची शक्यता कमी, २.६७ च्या वर गेले तर संशय दाट, आणि मधले सगळे माझ्यासारखे त्रिशंकू. पासष्टीनंतर खालची मर्यादा २ धरतात, कारण वय अंशातच बसले असल्याने दर वाढदिवसाला आकडा चढतो, केक न खाताही. बाईंचे म्हणणे असे की सोनोग्राफीची ग्रेड चरबीची असते, व्रणांची नव्हे, आणि पुढे काय वाढून ठेवले आहे ते व्रणांवर ठरते. व्रण वाढले की लिव्हरकडे जाणाऱ्या रक्ताचा दाब वाढतो, प्लीहा फुगते आणि प्लेटलेट तिथेच अडकतात. म्हणून लिव्हरची खबर प्लेटलेटच्या आकड्यात उमटते. आदल्याच दिवशी मी भाच्याचे कपाट चार मजले चढवले होते. अंगमेहनतीने एसजीओटी वाढू शकते, म्हणून रक्त पुन्हा दिले. आकडा जवळपास तोच आला. आता गुरुवारी फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी, आहे; त्यातूनही उलगडा झाला नाही तर ईएलएफ नावाची रक्ततपासणी करायची, जी व्रण घडताना रक्तात उतरणारी तीन द्रव्ये मोजते.

मी आयुष्यात दारूला शिवलेलो नाही, हे तुला माहीत आहे. आणि नंदू लिव्हरच्या दुखण्याने गेला तेव्हा लालबागच्या त्या जिन्यात उभे राहून मी काय बोललो होतो, तेही तुला माहीत आहे. ‘लिव्हर उगाच जात नाही.’ म्हणजे तो पीतच असणार. तू त्याची बाजू घेतलीस, त्यानंतर वर्षभर माझ्याशी बोलला नाहीस, आणि मी मात्र तुलाच भाबडा ठरवून मोकळा झालो.

परवा वहिनींकडे, नंदूच्या घरी गेलो. त्याची फाइल मागितली तेव्हा त्यांनी कारण विचारले नाही, चहा टाकला. २०११ चा एक पिवळट कागद, कडेला हळदीचे बोट. वय ४९, एसजीओटी ६०, एसजीपीटी ४९, प्लेटलेट एक लाख पाच हजार. त्याखाली साखरेचा आकडा, तोही भरपूर. मी वर्तमानपत्राच्या कडेवर भागाकार केला. बरोबर ४ आले, अपूर्णांकसुद्धा नाही. हे सूत्र २००६ मध्येच प्रसिद्ध झाले होते, मुळात एचआयव्ही आणि हेपॅटायटिस सी असे दोन्ही असलेल्या रुग्णांसाठी. पण चारही आकडे त्या एका पानावर होते आणि भागाकार मात्र कोणी केला नाही. पानावर पेनाने लिहिले होते, ‘पथ्य पाळा.’

हा आकडा व्रणांचा अंदाज देतो, त्यांचे कारण सांगत नाही, हे मला कळते. त्याने नंदू निर्दोष ठरत नाही. पण माझ्या १.९५ ला जे कारण मी हक्काने सांगतो आहे, साखर आणि पोटाचा घेर, तेच त्याने सांगितले होते तेव्हा मी हसलो होतो. त्या भांडणात तू बरोबर होतास, सुधीर. हे लिहायला मला तेरा वर्षे आणि एक वर्गमूळ लागले.

मीनलचे लग्न ठरले हे वाचून आनंद झाला. तारीख कळव, रजा टाकतो. नागपूरचे घर विकू नकोस, एवढेच सांगतो.

निघताना वहिनींनी विचारले, ‘काय लिहीत होतात कडेला?’ मी सुडोकू म्हणालो. त्यांना ४ सांगावा की नाही, हे मला ठरवता येत नाही. तू त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखतोस. गुरुवारच्या आत कळव. तुझीही साखर पुष्कळ वर्षांची आहे, तेव्हा उत्तरासोबत तुझे ते चार आकडेही पाठव.

तुझा,
अरविंद