सहाव्या महिन्यातल्या 'नाही'बद्दल

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

परवाच्या सामन्यात मी पूर्ण ९० मिनिटं खेळले, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. शेवटची शिट्टी झाली, सगळ्या एकमेकींना मिठ्या मारत होत्या आणि माझा हात सवयीनं उजव्या गुडघ्यावर गेला. सूज नव्हती. तिथेच ठरवलं की तुम्हाला पत्र लिहायचं आणि चारचौघांत वाचता येईल असं लिहायचं. गोल कुणी केला, पास कुणी दिला याची नोंद होते. तुमच्यासारख्या फिजिओच्या कामाची होत नाही.

मी सतराव्या वर्षी व्यावसायिक करारावर सही केली. अठरा पूर्ण होण्याआधी सही केली तर करार तीन वर्षांपेक्षा मोठा करता येत नाही, हा फिफाचा नियम. तेव्हा तीन वर्षं संपता संपणार नाहीत असं वाटलं होतं. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर गुडघा गेला आणि मी दिवस मोजायला लागले. कुणी धक्का दिला नव्हता, कुणाचा पायही लागला नव्हता. बचावपटूला चकवायला वळले, बूट गवतात रुतून राहिला, गुडघा आत झुकला आणि आतून 'टक्' असा आवाज आला. एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारं आतलं लिगामेंट, हाडाला हाड जोडणारा बंध, तुटलं होतं. तुम्ही एमआरआयच्या आधी, नुसतं हातानं तपासून ओळखलं होतंत. मला मात्र लगेच सांगितलं नाहीत. पाणी दिलंत, आईला फोन लावून दिलात आणि माझं रडून होईपर्यंत शेजारी बसून राहिलात.

ऑपरेशननंतरचे पहिले आठवडे मला अजून स्वप्नात दिसतात. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, आणि गुडघा सरळ करायचा, बस्स इतकंच काम. ते जमत नव्हतं. मी मांडी आवळायला जायची आणि मांडी हलायचीच नाही. ज्या पायानं मी लांबून गोल मारायचे, तो पाय गादीवरून चार बोटं उचलता येईना. तुम्ही म्हणालात, "तू कमी पडत नाहीयेस. सांध्यात सूज असली की मज्जासंस्थाच हा स्नायू पुरता चालू होऊ देत नाही." त्या वाक्यानं माझा स्वतःवरचा राग गेला. ताई, दुखणं सोसता येतं. आपलंच शरीर आपल्याला फसवतंय हा संशय सोसवत नाही. तो तुम्ही पहिल्याच आठवड्यात काढून टाकलात.

आणि मग सहावा महिना. दुखत नव्हतं. सरळ धावताना काहीच जाणवत नव्हतं, चेंडूही पायाला चिकटून राहत होता. संघातल्या दोन विंगर, म्हणजे माझ्यासारख्या मैदानाच्या कडेनं आक्रमण करणाऱ्या, जखमी होत्या, महत्त्वाचे सामने तोंडावर आले होते. सहायक प्रशिक्षक म्हणत होते, निदान बेंचवर तरी बसू दे. मी तर रोजच तुमच्या मागे लागले होते. एकदा "तुमचं काय जातं?" असंही बोलून गेले. ते वाक्य मला आजही टोचतं. त्याबद्दल इथे सगळ्यांसमोर माफी मागते.

तुम्ही चिडला नाहीत. मला बसवून समजावलंत की गुडघ्यात बसवलेला तुकडा माझ्याच मांडीमागच्या स्नायूच्या कंडऱ्याचा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीचा आहे. सुरुवातीला त्यातल्या बऱ्याचशा पेशी मरतात, मग नव्या रक्तवाहिन्या येतात, नव्या पेशी येतात, आणि त्याचं लिगामेंट व्हायला वर्ष किंवा त्याहून जास्त काळ लागतो. दुखणं थांबतं ते त्याच्या कितीतरी आधी. २०१६ सालचा एक अभ्यास दाखवलात. त्यात नऊ महिन्यांपर्यंत पुनरागमन जितकं लांबवलं, तितकी दर महिन्यामागे पुन्हा दुखापतीची शक्यता जवळपास निम्म्यानं घटलेली होती. मुलींना ही दुखापत मुलांपेक्षा दुपटीहून जास्त प्रमाणात होते, हेही तेव्हाच कळलं. मग मांडीच्या ताकदीची चाचणी घेतलीत. उजवी डावीच्या ७८ टक्के निघाली. किमान ९० हवी होती. कागद माझ्या हातात दिलात आणि क्लबच्या फॉर्मवर 'नाही' लिहून खाली सही केलीत.

तुमचा स्वतःचा करार तेव्हा वर्षावर्षानं वाढवला जात होता, हे मला फार नंतर समजलं. समजलं त्या दिवशी बराच वेळ काही बोलता आलं नाही.

त्या काळात ब्राझीलच्या रोनाल्डोबद्दल तुम्ही सांगितलं होतंत. त्याची दुखापत वेगळी, गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडऱ्याची. एप्रिल २००० मध्ये पाचेक महिन्यांनी तो परतला आणि काही मिनिटांतच तोच गुडघा पुन्हा गेला. २००२ च्या विश्वचषकात त्यानं आठ गोल केले, पण मधली ती वर्षं त्याला कुणी परत दिली नाहीत. अलेक्सिया पुतेयासचं मी स्वतःच शोधून वाचलं. जुलै २०२२ मध्ये एसीएल, पुनरागमन नऊ महिने उलटून गेल्यावर, आणि २०२३ मध्ये स्पेनच्या संघातून विश्वविजेती. तिचा फोटो कपाटाच्या दारावर लावला आणि तुमच्या मागे लागणं सोडलं.

उरलेल्या महिन्यांत तुम्ही मला उडी मारायला नाही, उतरायला शिकवलंत. आरशासमोर एका पायावर उतरायचं आणि गुडघा आत झुकला की पुन्हा पहिल्यापासून. वेगात असताना थांबायचं, थांबून वळायचं, आणि तेवढ्यात तुम्ही पाठीमागून चेंडू फेकणार. दहाव्या महिन्यात शेवटची १२ मिनिटं मिळाली. पहिल्यांदा वळायची वेळ आली तेव्हा गुडघ्याचा विचार मनात आलाच नाही, हे मला सामना संपल्यावर लक्षात आलं. करार वर्षभरानं वाढला.

गेल्या आठवड्यात युवा संघातल्या एका अठरा वर्षांच्या मुलीचं एसीएलचं ऑपरेशन झालं. मी तिला भेटून आले, टॉवेलची गुंडाळी कशी ठेवायची ते दाखवलं, आणि तुमच्याकडे यायला सांगितलंय. सोमवारी तिची आई तिला घेऊन येईल. सध्या ती फारसं बोलत नाही. पहिले काही दिवस तिला बोलायला लावू नका, नुसतं शेजारी बसा.

तुमची,
उजव्या गुडघ्याची विंगर