दौऱ्याचा खर्च एका कागदावर दाखवा

मा. संपादक,

नवा कायदा आला की तो समजावून सांगायला मुंबईहून अधिकाऱ्यांचे दौरे सुरू होतात. कायद्याची माहिती देणे हे सरकारचे कामच आहे. पण एका दौऱ्याला किती पैसे लागले, हे सोलापुरात कोणालाच सांगता येत नाही, कारण तो खर्च एका जागी पडतच नाही.

अधिकाऱ्याचा प्रवास व दैनिक भत्ता 'देशांतर्गत प्रवास खर्च' या ११ क्रमांकाच्या उद्दिष्टाखाली (म्हणजे खर्चाच्या प्रकाराखाली), तोही सरकारी देयके चुकवणाऱ्या मुंबईच्या अधिदान व लेखा कार्यालयातून निघतो. इथल्या गाडीचे डिझेल स्थानिक कार्यालयाच्या 'पेट्रोल, तेल व वंगण'मध्ये जाते. मंडप, फलक, चहापान कधी कार्यालयीन खर्चात, तर कधी जाहिरात व प्रसिद्धीत. खुर्च्या भरायला बोलावलेल्या तलाठी-ग्रामसेवकांचे भत्ते तिसरीकडेच. करमाळा, माळशिरस हे तालुके सोलापूरपासून शंभर किलोमीटरच्या पुढे. तिथला तलाठी दिवसभर सभेला बसला की गावातले दाखले अडतात. त्या नुकसानीला तर कुठलेच लेखाशीर्ष (हिशेबातले खाते) नाही.

माहिती अधिकारात 'एकूण खर्च किती' असे विचारले की 'संकलित माहिती उपलब्ध नाही' हे उत्तर ठरलेले. म्हणून आकडा न विचारता कागद मागावेत: दौरा कार्यक्रम, मंजुरीची टिप्पणी, प्रमाणके (खर्चाची व्हाउचर) आणि त्या तारखांची गाडीच्या लॉगबुकची पाने. अर्ज एकाच विषयाचा, १५० शब्दांच्या आत. शुल्क १० रुपये, प्रतीचे पानाला २ रुपये. प्रवास भत्त्याच्या देयकांसाठी मुंबईतील संबंधित विभागाकडे वेगळा अर्ज करावा. लॉगबुकात सुरुवातीचे व शेवटचे रीडिंग आणि भरलेले डिझेल यांचा मेळ बसतो का ते पाहावे. प्रयोजनाच्या रकान्यात नुसते 'शासकीय काम' असेल, तर गाडी सभेला गेली की पंढरपूरला दर्शनाला, हे कळणार कसे? जेवण-निवास यजमान कार्यालयाने फुकट दिला असेल तर पूर्ण दैनिक भत्ता घेता येत नाही. तेही देयकावर तपासावे.

विधेयक अजून सभागृहात असताना त्याच्या बाजूने अधिकारी फिरवणे तर मुळीच पटत नाही. तो हरकती ऐकायला आला होता असे सांगितले, तर बैठकीचे इतिवृत्त मागावे. नुसत्या प्रचाराला आला असेल तर इतिवृत्तात हरकती सापडणार नाहीत.

सहसचिव व त्यावरील अधिकाऱ्यांच्या १ जानेवारी २०१२ पासूनच्या दौऱ्यांचे स्वरूप, ठिकाणे, कालावधी, पथकातील माणसे आणि एकूण खर्च दर तिमाहीला जाहीर करण्याची सूचना केंद्राच्या कार्मिक विभागाने केलेली आहेच. जिल्हा पातळीवर ते अवघड नाही. दौरा संपल्यापासून १५ दिवसांत सर्व कार्यालयांचा खर्च एकत्र करून एक पान जिल्हाधिकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावर टाकावे आणि मूळ प्रमाणके सोमवारी ३ ते ५ या अभिलेख पाहणीच्या वेळेत नागरिकांना दाखवावीत.

– एक निवृत्त लेखापाल, सोलापूर