टोकियो स्थानकात जेवण

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर आईने विचारले, "तिकडे आम्ही दोघे खाणार काय?" मी ते हसण्यावारी नेले खरे, पण प्रश्न रास्त होता, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

इथे शाकाहारी माणसाला भीती ताटात दिसणाऱ्या मांसाची नसते, न दिसणाऱ्या माशाची असते. वाळवून धुरावलेल्या माशाच्या किसापासून काढलेले 'दाशी' नावाचे पाणी इथल्या बहुतेक रश्शांचा पाया असते. नवीन असताना एका खानावळीत मी महिनाभर टोफू घातलेले मिसो सूप (आंबवलेल्या सोयाबीनचे) निःशंक मनाने पीत होते, आणि त्यात काय आहे हे मला फार उशिरा कळले. (आईला हे आजवर सांगितले नव्हते.)

क्योटोला जाताना आपण टोकियो स्थानकावरूनच शिंकानसेन, म्हणजे इथली बुलेट ट्रेन, पकडणार आहोत. बाबा, तुमची सारी नोकरी रेल्वेत गेली, तेव्हा मारुनोउची बाजूची ती लाल विटांची इमारत तुम्हाला आधी दाखवीन. तात्सुनो किंगो यांनी आखलेली ही वास्तू १९१४ साली सुरू झाली, १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात तिचे घुमट जळाले आणि २०१२ मध्ये ते पूर्वीसारखे पुन्हा उभे राहिले. खाण्याची झुंबड मात्र पाठीमागच्या याएसू बाजूला असते. तिथे तळघरात 'रामेन स्ट्रीट' नावाची, रामेनच्या म्हणजे रश्शातल्या नूडल्सच्या आठ दुकानांची गल्ली आहे. काही दुकानांपुढे लोक मुकाट्याने रांगेत उभे राहतात, यंत्रात पैसे टाकून पदार्थाचे तिकीट घेतात, भुरके मारत वाडगा संपवतात आणि गप्पा न मारता उठून जातात. आपल्याकडे भुरक्यांवरून मुलांना दटावतात, इथे कोणी मान वर करूनही पाहत नाही. त्या गल्लीतून आपण नुसते फिरून येऊ.

आपले जेवण 'टीज तानतान'मध्ये. हे छोटे दुकान तिकीट फाटकाच्या आतच, केइयो रेल्वेमार्गाच्या फलाटांकडे जाणाऱ्या वाटेवर आहे, त्यामुळे फलाटावर जाण्याआधी तिथे थांबता येते. तिथल्या कोणत्याही पदार्थात मांस, मासे, अंडी किंवा दूध नसते. तिळाच्या दाट रश्शातले तानतान नूडल्स मी पहिल्यांदा खाल्ले तेव्हा मला आईच्या तिळकुटाची आठवण झाली, आणि वर तरंगणारे तिखट तेल पाहून आपल्या तर्रीची. खिमा म्हणून जे वर घातलेले असते ते सोयाबीनचे असते. बाबांनी तो पाहून दचकू नये. जागा अरुंद असल्यामुळे बाराच्या गर्दीत न जाता अकराच्या सुमारास जाऊ. स्थानकात चालणे पुष्कळ आहे, म्हणून बाबांनी गुडघ्याचा पट्टा बॅगेत तळाशी न ठेवता हाताशी ठेवावा.

आईने दशम्या आणि कोरडी लसणाची चटणी जरूर आणावी, पण दोन दिवस पुरतील एवढीच. शिंकानसेनमध्ये डबा उघडून खाण्याचा इथे रिवाजच आहे. स्थानकात विकत मिळणाऱ्या त्या डब्यांना 'एकिबेन' म्हणतात. बाकीचे प्रवासी त्यांचे एकिबेन उघडतील तेव्हा आपण दशम्या काढू.

व्हिसाचे कागद हाती आले की लगेच कळवावे.

आपली लेक